बगळोजींची गजसेवा

एका जंगलात, बाळांनो, राजाला एकदा प्रजेची फार दया आली. राजाला दया आली म्हणजे काहीतरी सुरू होणारच! "सगळ्यांना हत्तीवरून फुकट जाऊ-येऊ दे," सिंह म्हणाला. "मार्ग तेवढा ठरवा."

ते काम बगळोजींकडं गेलं. ते एका पायावर उभं राहून विचार करत. त्यामुळं त्यांच्या विद्वत्तेबद्दल कुणाला शंका नव्हती.

बातमी ऐकून सगळ्यांत जास्त हरखली ती भागूबाई कासवीण. ती राहायची वर कातळावर, पाण्याच्या खळग्यात. उन्हाळ्यात खळगा आटायचा, मग नदी गाठावी लागायची. वाटेत सावलीचं नाव नाही. गेल्या साली तिचा नवरा त्याच वाटेवर उन्हानं गेला. यंदा तिला एकटीनंच निघायचं होतं. आता हत्ती मिळणार म्हणजे देवच पावला की हो!

पण बगळोजींना घाई होती. राजाला आंबे पिकायच्या आत उद्घाटन हवं होतं.

"कोण कुठं जातं हे विचारत बसलो तर जन्म जाईल," ते म्हणाले. "जिथं पावलं जास्त, तिथून मार्ग."

आणि पावलं मोजायला ते आपल्या नेहमीच्या जागी जाऊन उभे राहिले. म्हणजे म्हशींच्या डबक्याकाठी, चिखलात.

अबब, केवढी पावलं! म्हशी सकाळी या काठानं उतरायच्या, संध्याकाळी त्या काठानं निघायच्या. मधे दिवसभर नुसतं डुंबणं. झालं, मार्ग ठरला. डबक्याचा हा काठ ते तो काठ.

भागूबाई तडक खाली आली. तिच्या तडकला बरेच दिवस लागले, ते सोडा.

"अहो बगळोजी, आणि आमच्या कातळावरनं नदीला?"

"तिकडं एकही पाऊल नाही, बाई. मी स्वतः उडत जाऊन पाहिलं."

"अहो, दगडावर पाऊल उमटतं का कधी?"

"तुमची अडचण कळते मला," बगळोजी मायेनं म्हणाले. "पण उमटलेलंच धरायचं असा नियम आहे. तुमची पावलं दाखवा, लगेच विचार करतो."

"मग हे घ्या!" म्हणत भागूबाई तिथंच चिखलात थयथय नाचली. कातळावरचे ससे, घोरपडी, साळिंदरं, सगळ्यांना तिनं हाका मारून बोलावलं. त्यांनीही दणादणा पाय आपटले.

बगळोजींनी लगबगीनं सिंहाला बोलावून आणलं. "महाराज, बघा! कातळावरची जनतासुद्धा इथंच येते. इथं दुसरा हत्ती हवा!"

उद्घाटनाला पहिला मान भागूबाईचा. गळ्यात हार, पुढं ढोल. हत्ती डुलत डुलत डबक्यातून पलीकडं गेला आणि थांबला.

"उतरा आजी, शेवटचा थांबा."

"आणि नदी रे?"

"तिकडं कुणी जातच नाही म्हणतात."

ऊन रणरणत होतं. वरचा खळगा एव्हाना आटला होता. भागूबाईनं नदीच्या दिशेनं पाहिलं. तिला नवरा आठवला आणि तिच्या डोळ्यांत पाणीच आलं. मग ती हळूच डबक्यात उतरली.

"सरका हो जराशा," ती म्हशीला म्हणाली.

ती अजून तिथंच राहते. गजसेवा आवडल्यामुळं कातळवासी घर सोडून मार्गालगत राहायला आले, असं बगळोजी दुसऱ्या जंगलांत भाषणातून सांगतात. टाळ्या पडतात.

तात्पर्य : योजना कधी चुकत नसते, बाळांनो. लोकच चुकीच्या ठिकाणी राहत असतात.