येथे स्वल्पविराम हवा

"या अंकात शुद्धलेखनाची एक जरी चूक सापडली ना, तर मी मिशी ठेवीन," असं नीलिमाताईंनी जाहीर केलं, तेव्हा कोरमंगल्यातल्या त्यांच्या दिवाणखान्यात चहा पिणारे सगळे सभासद क्षणभर थांबले. ताई मूळच्या पुण्याच्या. बोलतात ते करतात, असा अनुभव होता.

मंडळाचं नाव 'विश्वंभर वाचक मंडळ, बंगलोर'. गुप्तहेर विश्वंभराच्या साहसकथांवर या मंडळींचं तरुणपण पोसलेलं. पण मूळ लेखकाने शेवटच्या पुस्तकात विश्वंभराला खोल दरीवर एका दोराला लटकवलं, आणि लिहिणंच सोडून दिलं. बिचारा किती वर्षं लटकणार? म्हणून चाहत्यांनीच पुढची प्रकरणं लिहायला घेतली. ती संगणकावर टाइप करून, झेरॉक्स काढून, अंक वाटले जात. सत्त्याण्णव सालापर्यंत विश्वंभराने दोर सोडून दोन खून आणि एक दरोडा उलगडला होता.

मागचा अंक ताईंनी हौसेने पुण्याच्या वाचक मंडळाला पाठवला. तिथले अध्यक्ष पुरुषोत्तम दामले यांचा फोन आला. "कथा उत्तम आहे. पण विश्वंभराने एवढे गुन्हेगार पकडले, तुम्हाला साध्या वेलांट्या पकडता येत नाहीत?"

ताई त्या दिवशी जेवल्या नाहीत.

आता दामले स्वतः बंगलोरला येणार होते. अंक निर्दोष निघाला, तर बंगलोरचं एक प्रकरण पुण्याच्या वार्षिकात छापायचं त्यांनी कबूल केलं होतं. ताईंनी कंबर कसली. सगळी भीती एकाच ठिकाणी होती, आणि ते ठिकाण होतं चामराजपेट. तिथे सोयराबाई राहत.

सोयराबाईंचे पूर्वज तीनशे वर्षांपूर्वी फौजेबरोबर आले आणि राहिले. मराठी घरात, शाळा कानडी, नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये. मराठी लिहायला त्या साठीच्या उंबरठ्यावर लागल्या, पण अंक हातात आला की सगळे आधी त्यांचंच प्रकरण उघडत. फक्त त्यांच्याकडे वेलांट्या लांबच्या नातेवाइकांसारख्या होत्या, आल्या तर आल्या. स्वल्पविराम तर कधी फिरकलाच नाही. त्यांचं वाक्य चामराजपेटेत गाडीत बसायचं आणि थेट होसूर रोडला उतरायचं.

ताईंनी लाल पेन घेतलं आणि सोयराबाईंचं प्रकरण तपासलं. समास अरुंद होता, म्हणून शब्द तोडून 'येथे स्वल्प' वर आणि 'विराम हवा' खाली असं लिहीत गेल्या. सोयराबाईंनी शेवटच्या ओळीपुढे मुंग्यांची रांग जावी तशी टिंबं दिली होती. तिथे ताईंनी ठणकावून लिहिलं, 'येथे पूर्ण', आणि खाली, 'विराम द्याच.'

"सोयराबाई, मी लिहिलंय तसं करून शुद्ध प्रत काढा आणि थेट कल्लाप्पाकडे टाइप करायला द्या," कागद परत पाठवून त्यांनी फोनवर सांगितलं.

"सगळं करायचं काय, नीलिमाक्का? तुम्ही लिहिलंय तेवढं सगळं?"

"सगळं. एकही सोडायचं नाही."

पलीकडे कागद उलटल्याचा आवाज आला. मग बाई हळूच म्हणाल्या, "शेवटचं पण?"

"शेवटचं तर आधी!"

"सरी," बाईंनी कानडीत होकार दिला. आवाज जरा ओला होता, पण ताईंना वाटलं लाइन खराब आहे.

कल्लाप्पाला मराठी येत नव्हतं. समोर दिसेल ते अक्षर तो प्रामाणिकपणे ठोकायचा. त्याने आणून दिलेली मुद्रितं ताईंनी स्वतः तपासली, आणि तीही आपल्या खास पद्धतीने. गोष्टीत गुंतलं की चुका निसटतात, म्हणून त्या शेवटच्या शब्दापासून पहिल्या शब्दाकडे उलट वाचत. गोष्ट कळायचा धोकाच नाही. उरलेल्या वेलांट्या पकडल्या, उकार सरळ केले आणि अंक झेरॉक्सला गेला.

रविवारी मंडळाच्या सभेला दामले आले. पहिल्या रांगेत बसून त्यांनी अंक चाळला. पानामागून पान उलटलं. भुवया वर गेल्या.

"चूक नाही," ते म्हणाले. ताईंना खुर्चीतच दोन इंच उंची आली.

"आता सोयराबाईंनी आपलं प्रकरण वाचून दाखवावं," ताई म्हणाल्या.

सोयराबाई उभ्या राहिल्या. हातात रुमाल होता. सर्दी झाली असेल, ताईंना वाटलं.

"विश्वंभराने गच्चीवरून उडी मारली," बाईंनी सुरुवात केली. "मग तो स्वल्प विसावला. काळभुजंगाने सुरा उपसला. विश्वंभर स्वल्प विसावला. सुरा अंगावर येताना बघून त्याने मान चुकवली आणि कठड्याला टेकून स्वल्प विसावला."

मागून कोणीतरी खुसखुसलं. ताईंनी घाईघाईने अंकातलं ते पान उघडलं.

"'झाला काय विसावून?' काळभुजंगाने विचारलं. 'स्वल्प थांब,' विश्वंभर म्हणाला. काळभुजंग पण माणूसच. तो सुरा मांडीवर ठेवून बसला."

आता सभागृह हसून लोळत होतं. दामल्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. पण बाई हसत नव्हत्या. शेवटच्या परिच्छेदाशी त्यांचा आवाज चिरकला.

"काळभुजंगाला बेड्या घालून विश्वंभर घरी आला. आईने भाताचं ताट वाढलं. त्याने एक घास खाल्ला, आणि पूर्ण विसावला. परत उठला नाही."

सभा गार पडली.

नागपूरहून संगणक कंपनीत आलेला शुभंकर ताडकन उभा राहिला. "म्हणजे मेला का हा? असा कसा मेला, बापा? भात खाऊन?"

"सोयराबाई, हे काय केलंत?" ताईंनी विचारलं.

"मी केलं?" बाईंनी पिशवीतून लाल खुणांचं हस्तलिखित काढलं. "तुम्हीच लिहिलंय. येथे स्वल्प विराम हवा. दिला. प्रत्येक ठिकाणी दिला. शेवटी, पूर्ण विराम द्याच. टिंबं तर मी आधीच दिलेली. तरी परत पूर्ण विराम मागताय म्हणजे माणसाचाच की. रात्रभर रडले मी. पण म्हटलं, संपादकांचं ऐकायचं."

"अहो, स्वल्पविराम म्हणजे ते चिन्ह! शेपटीचं!"

"ते अल्पविराम. आम्हाला शाळेत तसंच शिकवलं. कानडीत स्वल्प म्हणजे थोडं, हे बंगलोरात रिक्षावाल्याला पण ठाऊक." बाईंनी कागद घडी करून टेबलावर ठेवले. "माझं मराठी असलंच, अक्का. पुढचं प्रकरण दुसऱ्या कुणी लिहा."

आणि त्या पिशवी उचलून दाराकडे निघाल्या. ताई खुर्चीतून उठल्या. पुणं हुकलं तर हुकलं, पण या बाई गेल्या, तर अंक उघडून लोक आधी वाचणार काय? आपल्या वेलांट्या?

"थांबा, सोयराबाई," त्या म्हणाल्या. "चूक माझी आहे."

दामल्यांनी हस्तलिखित डोळ्यांशी नेलं. "आहेच तुमची. शब्द ओळीच्या शेवटी तोडला, तर संयोगचिन्ह द्यायला हवं. ती आडवी रेघ कुठेय? एकदाही दिलेली नाही." मग ते दाराकडे वळले. "बाई, हे प्रकरण आम्ही पुण्याच्या वार्षिकात घेतो. सगळे विसावे ठेवून. काळभुजंग मांडीवर सुरा ठेवून बसतो, ते मला जन्मात सुचलं नसतं. मात्र विश्वंभराला उठवा."

"मेलेला कसा उठवायचा?" शुभंकर म्हणाला.

सोयराबाई दारातच थांबल्या होत्या. "त्यात काय? पूर्णविरामानंतर नवीन वाक्य सुरू होतंच की," त्या म्हणाल्या. "भात खाऊन झोपलाय तो. जड भात होता."

टाळ्या पडल्या. ताईंनी स्वतः जाऊन बाईंची पिशवी काढून घेतली आणि त्यांना पहिल्या रांगेत आणून बसवलं.

तेवढ्यात शुभंकर घसा खाकरून म्हणाला, "ताई, ते मिशीचं बोलला होतात तुम्ही."

"अंकात चूक नाहीये," ताई घाईघाईने म्हणाल्या. "समासात आहे."

सगळ्यांनी दामल्यांकडे पाहिलं. दामल्यांनी छताकडे पाहिलं.

सोयराबाईंनी ताईंच्या हातावर हलकेच हात ठेवला.

"ठेवा, अक्का," त्या म्हणाल्या. "स्वल्प ठेवा."