दोन पदर

मल्लेशम सर कुणाच्याही घरात थेट शिरत नाहीत. आधी घराभोवती एक फेरी मारतात. वीस वर्षांचा शेजार आहे, तरी आमच्या घराचीही फेरी चुकत नाही. आमच्या कुत्र्याने आता भुंकणं सोडून दिलंय. "फेरी मारल्याबिगर काय कळत न्हाय ओ कांबळे," हे सरांचं पालुपद.

सर कॉलेजात गणित शिकवायचे. निवृत्तीनंतरही बीजगणितातल्या दोन पृष्ठभागांच्या मागे लागलेत. नेहमीची सगळी मापं सारखी, पण सरांच्या मते दोन्ही वेगळे. ते सिद्ध करायचंय. मी एकदा "कसं?" म्हणून विचारलं आणि चहा गार झाला.

"पृष्ठभाग कागदावर उतरवला की त्याचे पदर एकावर एक पडतात. काही ठिकाणी ते चिकटतात. तिथं भोवतीनं फेरी मारायची. वरच्या पदरावरनं निघालो आणि खालच्यावर पोचलो, की समजायचं, पदर हितंच जुळलेत. ताणा, वाकवा, ह्या फेऱ्यांचा मेळ बसलाच न्हाय तर दोघं वेगळे की!"

हे सांगताना त्यांनी आमच्या दिवाणावरची सोलापुरी चादर ओढून घेतली. ती दुपदरीच असते. मी मान डोलावली. डोक्यात काडीचं शिरलं नाही.

गेल्या महिन्यात लाँड्रीवाल्याने आमच्या आणि सरांच्या चादरीची अदलाबदल केली. दोन्ही एकाच कारखान्यातल्या, तोच मोर, तोच लाल रंग. आम्हाला पत्ताही नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी सर काखेत चादर घेऊन फेरी न मारता थेट आत आले, तेव्हा मी चरकलोच.

"ही माझी न्हाय. माझी तुमच्याकडं हाय."

"सर, दोन्ही सारख्याच. काय फरक पडतो?"

त्यांनी दिवाणावरची चादर जमिनीवर पसरली. गुडघे टेकून, डोळे मिटून ते हात फिरवू लागले. मोराच्या पायाशी बोट थांबलं. तिथे बोराएवढं रफू होतं.

"उंदरानं कुरतडली होती. पद्मानं शिवताना दोन्ही पदर एकत्र शिवून टाकले. लई ओरडलो होतो तिला. एवढं कळत न्हाय का म्हणालो." सरांनी रफूवर तळहात ठेवला. "आता रोज हितंच हात ठेवून झोपतो."

त्यांच्या पत्नीला, पद्माक्कांना, जाऊन चार वर्षं झाली. मला गलबलून आलं. काय फरक पडतो असं विचारल्याची लाज वाटली.

"चला सर, चहा घेऊ," मी म्हणालो.

सरांचं बोट रफूभोवती फिरत होतं.

"थांबा ओ," ते म्हणाले. "अजून एक फेरी."