सुलाबाईंचं ‘आ कर’

सुलाबाई कुणालाही भेटल्या की नमस्काराच्या आधी त्याच्या तोंडात बघतात. जामखेडकडच्या आमच्या गावात त्या अंगणवाडी चालवतात. भिंतीपलीकडे माझी शाळा. मी बदली होऊन आले त्या दिवशी माझं नाव विचारायच्या आधीच म्हणाल्या, "मॅडम, डावी दाढ दाखवली का कुनाला?" मला रागच आला. दाढ मात्र खरंच किडली होती.

पोरं अंगणवाडीच्या दारात आपण होऊन ‘आ’ करून उभी राहतात. बाईंचा खरा राग आयांवर. "दुधाचेच दात, पडनारच हायेत," असं कुणी म्हणालं की त्या कमरेवर हात ठेवतात. "पडस्तोवर पोरगं काय वारा खानार व्हय?" एका बारशाला तर त्या पाळण्यातल्या बाळाच्या हिरड्या ओल्या फडक्यानं पुसत बसल्या. आत्याबाई नाव ठेवायच्या खोळंबल्या.

दसरा झाला आणि श्रीगोंद्याकडे निघालेला ऊसतोडीचा ट्रॅक्टर अंगणवाडीसमोर उभा राहिला. कांता चार वर्षांच्या परीला घेऊन ट्रॉलीत बसली होती. परी भाकरीचा घास गालात धरून नुसती रडत होती.

"लई लाडावलीया. चा-बिस्किटाबिगर काय खातच न्हाई," म्हणत कांतानं हात उगारला.

सुलाबाईंनी तो वरच्या वर धरला. "आ कर, परे."

दाढ काळी पडलेली, हिरडी टम्म सुजलेली, त्यावर तंबाखूच्या मिश्रीचा थर.

"दात घट व्हत्यात म्हनून मीच लावती रोज," कांता पुटपुटली.

आता कांताची धडगत नाही, असं मला वाटलं. पण बाईंचा आवाज एकदम खाली आला.

"मी बी मारलंय गं माझ्या पोरीला, सुनीला. उसाच्या फडावर. खात न्हाई म्हनून रोज मारलं. दाढ दुखती हे तिला सांगता यीना, आन् तोंडात बघावं हे मला सुचंना."

टोळीचा मुकादम निघायच्या घाईनं ओरडत होता. कांता नवऱ्याला म्हणाली, "तुमी व्हा म्होरं. मी उद्या येष्टीनं येते." ती परीला घेऊन उतरली. आम्ही तिघी पोरीला घेऊन जामखेडच्या दवाखान्यात निघालो.

वाटेत मी विचारलं, "सुनी कुठं असते आता?"

"पुण्यात. बरं चाललंय तिचं. तिला त्यातलं काईच आठवत न्हाई."

"मग चांगलंच झालं की, बाई."

परी त्यांच्या खांद्यावर झोपली होती. तिचा सुजलेला गाल त्यांनी पदरानं झाकला.

"चांगलं कसलं, मॅडम? तिला आठवतच न्हाई, तर माफी मागू कशी?"