डंपरचा टायर

“रविवारपर्यंत दारात हौद नाई आनला, तर नावाचा श्रावण नाई!”

छाती ठोकून सांगितलं खरं, पण सांगणं भागच होतं. चार म्हशींना पाणी पाजता पाजता पंचफुलाची कंबर गेली होती. रोज विहिरीवरून तीस बादल्या! शेवटी तिनं नवऱ्याला बजावलंच, “रविवारी हौद नाई दिसला, तर मी चालली केळझरले भावाकडं. म्हशी तुमच्या अन् तुमी म्हशींचे!”

जवळच्या कोळसा खाणीवाले भंगारातले टायर गावांना फुकट देत होते. अर्ध्या गावाच्या गोठ्यात ट्रकच्या टायरचे हौद होतेच. श्रावणनं बैलगाडी जुंपली, दोर घेतला आणि ऐटीत निघाला.

खाणीच्या भंगाराच्या आवारात शिरला आणि त्यानं वासलेला आ मिटेचना. बापा बापा! इथं काही म्हणजे काही वाया जात नव्हतं. कोळसा वाहणारे फाटके पट्टे गोठ्यात अंथरायला निघालेले, जळकं तेल पिंपं भरभरून पुन्हा शुद्ध व्हायला चाललेलं, मोडक्या यंत्रांचं लोखंड वितळायला. आपण घरी एक फुटका माठ सांभाळतो तर केवढी शेखी मिरवतो! श्रावणला स्वतःचीच लाज वाटली.

पुढं काहीतरी काळंभोर उभं होतं. त्याच्या दुप्पट उंच.

“साहेब, हे काय बांधून राह्यले?”

“काका, हा तुमचा टायर,” तिथला साहेब अंकित म्हणाला. “खाणीतल्या डंपरचा. गाडी कुठं लावली?”

श्रावणनं आपल्या बैलांकडं पाहिलं. नको म्हणावं, तर बायको केळझरला!

“गाडी हाय, पन बैल थकले जी. तुमचीच पाठवा!”

अंकितनं हसू दाबत टायरची एक बाजू कापून दिली. टायर घेऊन ट्रेलर निघाला, मागून क्रेन, त्यामागं श्रावणची रिकामी बैलगाडी. गाव लोटलं! पंचफुलानं हळदकुंकू वाहिलं. शेजारच्या महादेवरावांनी टायरवर जोरात नारळ आपटला. तो टणकन उडाला आणि थेट त्यांच्याच कपाळावर आला!

“माय वो!” म्हणत ते खाली बसले. तरी नजर टायरवरच. “श्रावण, गावात असं काही आलं नोतं गड्या!”

क्रेननं टायर गोठ्यासमोर आडवा ठेवला. खाली सिमेंटचा तळ झाला, वाळला. रविवार उजाडला. पंचफुला खूश! तिनं हौसेनं रोजच्या तीस बादल्या ओतल्या.

नुसता तळ ओला झाला. काठावरून माना लांबवून म्हशी खाली बघत राहिल्या. त्यांच्या तोंडाला लागायला पाणी पार वरपर्यंत भरायला हवं होतं!

पंचफुलानं रिकामी बादली श्रावणच्या हातात दिली आणि काठावर पाय सोडून आरामात बसली.

“जाता काय वो आता केळझरले?” त्यानं घाबरत विचारलं.

“काऊन जाऊ? मले तं लय आवडला हौद!”

दुपार टळली. विहिरीवरून श्रावण धापा टाकत आला.

“किती झाल्या?” त्यानं बादली ओतत विचारलं.

“एकशे अठरा,” ती म्हणाली. “पाय भिजवाल तं घोट्यापर्यंत येते बरं का पानी!”