माजी महापौर आणि बेसनाचे लाडू

"झालं काम, बाबा. हॉल मिळाला," सत्यजित मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाला, आणि मनोहररावांच्या कपाळावर आठी पडली.

"अर्ज कधी केलास?"

"सकाळी."

"आणि संध्याकाळी मंजूर? भेटलास कोणाला?"

"कोणालाच नाही. ऑनलाइन फॉर्म भरला, अप्रूव्ह झाला."

"म्हणजे झालेला नाही," मनोहररावांनी निकाल दिला.

मनोहररावांनी सारी हयात एका नगरपालिकेत काढली होती. अर्ज असा कोणाला न भेटता, कोणाच्या हातापाया न पडता एका दिवसात मंजूर होतो, हे त्यांना पटणं शक्य नव्हतं. त्यांच्या मते अशी मंजुरी फार धोकादायक. आज तुम्हाला फुकट मिळालेली, उद्या दुसऱ्या कोणाला तरी वजन ठेवून मिळणार. आणि प्रश्न काही साधासुधा नव्हता. शनिवारी यामिनीचं, म्हणजे सुनेचं, डोहाळजेवण होतं. पन्नास माणसांना आमंत्रणं गेली होती, एडिसनच्या केटररला श्रीखंड-पुरीची ऑर्डर गेली होती, त्यांच्या पत्नी सुलभाताईंनी साताऱ्याहून सामानसुमान आणून फुलांच्या दागिन्यांचा घाट घातला होता. अमेरिकेत, जर्सी सिटीतल्या सत्यजितच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये पन्नास माणसं म्हणजे काही बाल्कनीला लटकवावी लागली असती. इमारतीचा खालचा हॉल हवाच होता.

"हॉल देतो कोण?" त्यांनी विचारलं.

"कमिटीचे चेअरमन. मिस्टर लकाप. अहो, ते लिफ्टमध्ये भेटतात ते, पांढऱ्या शर्टातले आजोबा. फिलिपिन्समध्ये एका शहराचे मेयर होते म्हणे. फार रिफॉर्म्स केले. पायी फिरायचे, चोवीस तासांत परमिट द्यायचे. दोनदा निवडून आले."

"आणि तिसऱ्यांदा?"

"पडले. फुटपाथवरची दुकानं हटवली, त्यात त्यांच्या सासूबाईंचंही दुकान होतं. घरातलीसुद्धा मतं मिळाली नाहीत. आता इथे मुलीकडे असतात, सोफ्यावर झोपतात."

"दोनदा महापौर, आणि झोपतो मुलीच्या सोफ्यावर?" मनोहरराव डोळे बारीक करून म्हणाले. "म्हणजे माल कुठेतरी दडवलाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगा-सून कामावर गेल्याबरोबर मनोहररावांनी बेसनाच्या लाडवांचा डबा उचलला.

"अहो, ते डोहाळजेवणाचे आहेत!" सुलभाताई ओरडल्या.

"ते व्हावं म्हणूनच नेतोय."

लकापसाहेबांनी स्वतः दार उघडलं. शर्टाला कडक इस्त्री, चेहऱ्यालाही. मनोहररावांनी डबा पुढे केला आणि आवाज खाली आणून म्हणाले, "चौदा सी. शनिवारचा हॉल. जरा लक्ष असू द्या."

लकापसाहेबांनी डब्याकडे पाहिलं, मनोहररावांकडे पाहिलं, "थँक यू" म्हणाले आणि दार लावून घेतलं.

"घेतला!" मनोहरराव विजयी मुद्रेने घरी आले. "सगळे सारखेच असतात गं. नुसता देश बदलतो."

दुपारी यामिनीचा ऑफिसातून फोन आला. "बाबा, आपल्या बिल्डिंगच्या ग्रुपवर एक फोटो आलाय. लॉबीत लाडवांचा डबा ठेवलाय. आणि वर कार्ड लावलंय."

"कसलं कार्ड?"

"'चौदा सीच्या मिस्टर मनोहर यांनी हॉलच्या अर्जासंदर्भात दिलेली भेट. सर्व रहिवाशांच्या माहितीसाठी.' बाबा, हे काय आहे?"

मनोहरराव पायांत चपला सरकवून खाली धावले. लॉबीत ही गर्दी. आठव्या मजल्यावरची आश्लेषा एक लाडू हातात घेऊन उभी होती, दुसरा तोंडात होता.

"काका, सुपर्ब झालेत यार! अजून असतील तर ठेवा ना."

मनोहररावांनी डबा उचलला तेव्हा तळाला फक्त चुरा राहिला होता. कार्ड मात्र शाबूत होतं.

संध्याकाळी खुलासा आला. लकापसाहेबांच्या शहरात असा नियमच होता. नगरपालिकेत कोणी भेट आणली की ती देणाऱ्याच्या नावासह दारात मांडायची आणि त्याचा अर्ज रद्द करायचा. हा नियम त्यांनी इमारतीतही आणला होता आणि कमिटीने तो एकमताने मंजूर केला होता, कारण मीटिंगला दुसरं कोणी आलंच नव्हतं.

"म्हणजे हॉल मिळालेला होता," सत्यजित एकेक शब्द चावत म्हणाला, "आणि तुम्ही लाडू देऊन तो कॅन्सल केलात."

यामिनीने पाहुण्यांची यादी घडी करून पर्समध्ये ठेवली. मग ती पोटावर हात ठेवून सोफ्यावर बसली, आणि मनोहररावांना ते सत्यजितच्या बोलण्यापेक्षा जास्त लागलं. सुनेची आई नव्हती. हा सोहळा आपण करायचा, अगदी थाटात करायचा, असं त्यांनीच विमानतळावर उतरल्या उतरल्या तिला सांगितलं होतं.

पण लाज वाटली तरी संशय काही जात नव्हता. "आता हॉल कोणाला मिळाला?" त्यांनी विचारलं.

सत्यजितने मोबाइल पाहिला. "वेटिंगवर पहिला नंबर होता त्यांना. सहा एफ. लिझा लकाप."

"काय?" मनोहरराव ताडकन उठले. "त्याची मुलगी? तरीच! तरीच म्हणतो लाडू पचले कसे नाहीत!"

कोणी अडवायच्या आत ते सहा एफच्या दारात होते. "मिस्टर लकाप! माझा अर्ज रद्द केलात आणि हॉल स्वतःच्या मुलीला दिलात! हे कुठल्या रिफॉर्ममध्ये बसतं?"

लकापसाहेबांचा चेहरा पांढराफटक पडला. "माझ्यासमोर फक्त अर्जाचा नंबर येतो. नावं मी बघत नाही. लिझा, तू अर्ज केला होतास?"

"तुमच्या पंच्याहत्तरीसाठी, पापा," आतून लिझा म्हणाली. "सरप्राइज होतं."

"माझ्या निर्णयाचा फायदा मला होता कामा नये," लकापसाहेब म्हणाले. "तुझाही अर्ज रद्द."

"पापा!" लिझाने हातातला डाव सिंकमध्ये आपटला. "आजीचं दुकान गेलं, आता माझा हॉल! आईने तुमच्या विरोधात मत दिलं ते बरोबरच होतं!"

मनोहरराव हळूच मागे सरकले. आपल्याला हवं होतं ते हे नव्हे, एवढं त्यांना कळलं. हॉल आता कोणालाच नव्हता. दोन घरांत रडारड होती आणि शनिवारी हॉलला कुलूप लागून राहणार होतं. पुढचे दिवस त्यांनी एडिसनपासून होबोकेनपर्यंत फोन करण्यात घालवले. कुठेही जागा नव्हती. यामिनी म्हणाली, "जाऊ द्या बाबा, घरीच दहा जणींत करू," आणि हसली. ते हसणं मनोहररावांना अजिबात बघवलं नाही.

शनिवारी सकाळी सुलभाताई पाहुण्यांना वर पाठवण्यासाठी लॉबीत जाऊन उभ्या राहिल्या आणि पाचच मिनिटांत धापा टाकत परत आल्या.

"अहो, हॉल उघडा आहे! एसी चालू आहे. खुर्च्यासुद्धा मांडल्यात!"

"बाबा, तुम्ही पुन्हा कोणाला काही दिलंत?" सत्यजितने विचारलं.

"शपथ नाही रे!"

मनोहररावांना यात सापळा दिसला. त्यांनी दारामागे पाहिलं, खुर्च्यांखाली पाहिलं. पण तोवर केटररचे लोक पातेली घेऊन आत शिरले होते, आणि त्यांच्या मागोमाग लिझाही केक आणि शेवयांसारख्या नूडल्सचा भलामोठा ट्रे घेऊन आली. "उघडा आहे म्हणे," ती यामिनीला म्हणाली. "अर्धा तुमचा, अर्धा आमचा?" यामिनीने तिला मिठीच मारली.

बायकांनी ओटी भरायला घेतली तशी सगळ्या पुरुषांची रवानगी बाहेर झाली. कॉरिडॉरमध्ये लकापसाहेब दाराचं कुलूप वाकून तपासत होते. आतून हसण्याचा गलका ऐकू येत होता. हिरव्या साडीत, फुलांनी मढलेली यामिनी लिझाच्या मावश्यांना उखाणा म्हणजे काय ते इंग्रजीत समजावत होती.

"कुलूप तोडलेलं नाही," लकापसाहेब गंभीरपणे म्हणाले. "कोणीतरी किल्लीने उघडलंय. परवानगी नसताना. गंभीर प्रकार आहे. चौकशी करावी लागेल."

"किल्ल्या किती आहेत?" मनोहररावांनी विचारलं.

"एकच."

"कोणाकडे असते?"

लकापसाहेबांनी खिशातून रुमाल काढला आणि चष्मा पुसला. बराच वेळ पुसला. "ते चौकशीत निघेल. पण अध्यक्षाने स्वतः चौकशी करणं योग्य नाही. अनुभवी, त्रयस्थ माणूस पाहिजे. तुम्ही नगरपालिकेत होतात ना, मिस्टर मनोहर? तुमच्याकडे चौकशा असायच्या?"

"खूप."

"किती वेळ लागायचा?"

"काही तर अजून चालू आहेत," मनोहरराव म्हणाले.

लकापसाहेबांनी त्यांच्याकडे आदराने पाहिलं. "मग ही तुमच्याकडे सोपवतो. तुमचा प्राथमिक संशय कोणावर?"

मनोहररावांनी समोरच्या पांढऱ्याशुभ्र शर्टाकडे पाहिलं. खुर्च्या ओढून ओढून त्याच्या बाह्यांच्या इस्त्रीची पार वाट लागली होती.

"आश्चर्य आहे," ते म्हणाले. "या वेळी संशय घ्यावा असं कोणी दिसतच नाही."