वसंतरावांचा तळचा निबंध

आमच्या धाड गावात वसंतरावांना काही सांगायची सोय नाही. तुम्ही तोंड उघडलंत की ते चष्मा कपाळावर सरकवून विचारणार, "हे कोण म्हणालं? तुम्ही स्वतः पाहिलं का?"

एकदा माझ्या सासूबाई त्यांना म्हणाल्या, "पलीकडची सून भाजी लय खारट करते म्हणे."

"तुम्ही खाल्ली?"

"मी कायले खाऊ? शांता सांगत होती."

"शांताबाईंनी खाल्ली?"

शांताबाईंनीही खाल्ली नव्हती. तेव्हापासून वसंतराव फाटकात दिसले की सासूबाई आत जाऊन पोथी उघडतात. आमच्या गल्लीतल्या गप्पांचं या एका माणसानं फार नुकसान केलं आहे.

वसंतराव माझे शेजारी, मिरगीचे शास्त्रज्ञ. परगावच्या प्रयोगशाळेत जन्मभर उंदरांच्या मेंदूत झटके का उठतात ते पाहत बसले आणि निवृत्त होऊन एकटेच गावी परतले. गाव त्यांना 'उंदीरवाले डॉक्टर' म्हणतं. आल्या आल्याच तिघं जण कणगीतल्या उंदरांवर औषध मागायला आले. "मी त्यांचा अभ्यास केला हो, बंदोबस्त नाही," असं ते कळवळून सांगत.

दर रविवारी ते आमच्याकडे चहाला येतात. चहा निमित्त, खरं म्हणजे त्यांच्या घरात रेंज येत नाही. मी शाळेत विज्ञान शिकवते, म्हणून लॅपटॉप उघडायचं काम माझं. त्यांच्या शोधनिबंधाचा आधार जगात कुणी आपल्या निबंधात नावानिशी दिला, की झालं एक सायटेशन. उंदरांवरच्या निबंधांना अशा सायटेशनांची रास पडलेली. कुठला जपानचा, कुठला ब्राझीलचा माणूस आमच्या धाडच्या माणसाचं नाव घेतो! मला तर अभिमानानं भरून यायचं. वसंतराव मात्र तिकडे ढुंकूनही पाहत नसत. थेट आपल्या निबंधांच्या यादीच्या तळाला जायला लावत.

"शून्य?"

"शून्य."

"असू द्या," म्हणत आणि बशीतला चहा गार करून पीत.

तो तळचा निबंध जेमतेम चार पानांचा, आपल्याच भागातल्या माणसांवरचा. फिट आली की लोक चप्पल हुंगवतात, कांदा नाकाशी धरतात, दातांत चमचा खुपसतात, हातपाय दाबून धरतात. यातलं काही करू नये, माणसाला कुशीवर वळवावं आणि घड्याळ पाहावं. पाच मिनिटांवर गेलं तर दवाखाना गाठावा. एवढंच.

"यात नवा शोध काय आहे?" असं मी एकदा बोलून गेले.

"काहीच नाही," ते म्हणाले. "कुसुमताई म्हणून माझी मोठी बहीण होती. तिला झटका आला की चप्पल आणायला मीच धावायचो. सगळ्यांच्या आधी. घरातला हुशार पोरगा ना." मग म्हणाले, "चमच्यानं तिचे पुढचे दोन दात पडले. त्यानंतर ती कधी कुणासमोर हसली नाही. मी शिकून येईपर्यंत गेलीच." मी पुन्हा चहा टाकला.

बाजाराच्या दिवशी वसंतरावांचा मुक्काम सलमाबीच्या भाजीपाशी.

"वांगी ताजी आहेत हे कोण म्हणतं?"

"मी म्हणून राह्यली ना! सकाळी याच हातानं तोडले."

"हां, मग द्या."

गिऱ्हाईक नसलं की ते तिला मिरगी समजावत. लांबट दुधी भोपळा पोत्यावर कुशीला निजवायचा, त्याच्या डोक्याखाली रुमालाची घडी ठेवायची. सलमाबी हसून बेजार. "साहेब, बरा झाला का भोपळा? मंग विकू काय?"

गेल्या बाजारी मी तिथंच मेथी निवडत होते. एक बाई वांग्यांच्या ढिगापाशी धाडकन कोसळली आणि तिचे हातपाय झटके देऊ लागले. एकानं लगेच पायातली चप्पल काढली. वसंतराव पिशवीसकट जागीच थिजले. जन्मभर झटक्यांवर लिहिलेला माणूस त्या चपलेकडेच पाहत राहिला.

सलमाबीनं तराजू टाकला. "चप्पल ठेव बे खाली! दाबू नका तिले, कुशीवर करा. अन् तोंडात काही घालू नका!"

"काऊन? कोण म्हणते असं?" चप्पलवाला अडून बसला.

"आमचे डॉक्टरसाहेब म्हणते. लिहून ठेवलं हाय त्याहीनं!" तिनं आपल्या ओढणीची घडी बाईच्या डोक्याखाली सारली. "साहेब, टाइम पहा ना!"

वसंतरावांनी घड्याळ डोळ्यांजवळ नेलं. "दोन मिनिटं," ते कसेबसे म्हणाले. तिसऱ्या मिनिटाला झटके थांबले. बऱ्याच वेळानं बाईनं डोळे उघडले आणि पहिला प्रश्न केला, "माही पिशवी कुठी हाय?"

त्यानंतरच्या रविवारी मी तळची ओळ उघडली. "शून्य," मी हळूच म्हटलं.

"तुमचं यंत्र मागे आहे, मॅडम. एक." त्यांनी खिशातली डायरी पुढे केली. सुबक अक्षरात निबंधाचं नाव आणि खाली लिहिलं होतं: सलमाबी, भाजीबाजार, धाड. तोंडी.

मला चेष्टेची हुक्की आली. "हे कोण म्हणालं? तुम्ही स्वतः पाहिलं का?"

"पाहिलं ना," वसंतराव म्हणाले आणि चष्मा काढून पुसू लागले. "जाताना ती बाई सलमाबीकडे बघून हसली. सगळे दात जागेवर होते."