उभ्या गाडीचे सात मैल

"मी स्वतःबद्दल फार बोलत नाही," असे अण्णाजींनी म्हटले की मी चष्मा काढून पुसायला घेतो. पुढच्या वीस मिनिटांत तो अगदी स्वच्छ निघतो.

अण्णाजी पस्तीस वर्षे वर्ध्याच्या एका जकात नाक्यावर नाकेदार होते. पोते न उघडता आत काय आहे हे ते ओळखत. आपण कधीच चुकलो नाही, असे ते सांगतात आणि ते खरे असावे, कारण पोते उघडून पाहण्याची वेळ त्यांनी कधी येऊ दिली नाही. निवृत्तीनंतर ही विद्या वाया जाऊ नये म्हणून त्यांनी सेलूतल्या घराच्या ओट्यावर पाटी लावली : 'सुप्रसिद्ध गुप्त तपासनीस'. पाटी कारंज्याच्या ट्रक रंगवणाऱ्या पेंटरकडून करून घेतल्यामुळे तिच्यावर दोन मोरही आहेत.

मी बबनराव, त्यांचा सहायक. आधी गावच्या वाचनालयात ग्रंथपाल होतो. अण्णाजींनी एकदा विचारले, "तुमी नाई म्हणणार नाई न?" या प्रश्नाला काय उत्तर द्यायचे हे ठरेपर्यंत मी नेमला गेलो होतो.

दोन हजार दोन सालच्या दिवाळीनंतर प्रभाकरराव आमच्याकडे आले. त्यांचे सरकी-ढेपेचे दुकान आहे; पण गावात त्यांची ओळख गाडीवरून. सत्तावन्न सालची बदामी रंगाची लँडमास्टर. वडिलांनी घेतलेली, यांनी जपलेली. तिच्या एका पाण्याच्या पंपासाठी ते कलकत्त्यापर्यंत जाऊन आले होते. मुलीला स्थळ पाहायला मात्र पुलगावच्या पुढे गेले नव्हते.

गाडी चालवत पुनाजी. हिंगणीचे. चौतीस वर्षे. लायसन प्रभाकररावांकडेही होते, पण ते फ्रेम करून भिंतीवर लावण्याच्या लायकीचेच राहिले होते. गाडी चढावर कुरकुरली की पुनाजी तिच्याशी गोंडीत काहीतरी बोलत आणि ती वर चढे. आमच्या मराठीला तिने कधी दाद दिली नाही.

तर झाले असे. त्या मापाचे टायर आता कुठे मिळत नाहीत. म्हणून पोळ्यानंतर प्रभाकररावांनी गाडी बाहेर काढणेच बंद केले. पुनाजींनी जॅक लावून तिची मागची बाजू दोन सागवानी ठोकळ्यांवर चढवून दिली, आणि दर रविवारी काय काय करायचे तेही शिकवले. त्याप्रमाणे प्रभाकरराव रविवारी सकाळी आंघोळ करून गाडीत बसत, वीस मिनिटे इंजिन चालवत, नागपूरला जाऊन आल्यासारखे सगळे गिअर टाकत, आणि उतरून कपाळाचा घाम पुसत.

गाडी ठोकळ्यांवर गेली त्या दिवशी मीटरवर जो आकडा होता, तो त्यांनी शेडच्या भिंतीवर खडूने लिहून ठेवला होता. महिन्याने सहज पाहिले, तर मीटर अठ्ठावीस मैलांनी पुढे. म्हणजे आठवड्याला सात मैल. गाडी जागची हललेली नाही, ताडपत्री तशीच, ठोकळे तसेच. ती उतरवून परत चढवणे एकट्याला जमेल असा माणूस तालुक्यात एकच होता आणि शेडची दुसरी चावी त्याच्याकडेच होती.

प्रभाकररावांनी पुनाजींना विचारले, "गाडी कोठी नेलती?"

 पुनाजींनी खिशातून चावी काढली, ओट्यावर ठेवली आणि हिंगणीच्या बसला जाऊन बसले.

हे सांगताना प्रभाकरराव आमच्याकडे पाहत नव्हते, पाटीवरच्या मोरांकडे पाहत होते. "मले चोर नाई पाह्यजे, अण्णाजी," ते म्हणाले. "पुनाजी चोर नाई, एवढंच कोणी दाखवून द्या."

अण्णाजींनी डोळे मिटले. याचा अर्थ ते विचार करत होते किंवा डोळे मिटत होते. मग त्यांनी मला तालुक्याचा नकाशा आणायला सांगितला. सात मैल म्हणजे जाऊन-येऊन, तेव्हा साडेतीन मैलांचे वर्तुळ काढायचे. वर्तुळासाठी त्यांनी प्रभाकररावांच्या घरी जाऊन त्यांच्या पत्नीकडे, रुख्मिणीबाईंकडे, बांगडी मागितली. बांगडी मिळाली नाही, डब्याचे झाकण मिळाले. झाकणाच्या आत एक जिनिंग, खुद्द प्रभाकररावांचे शेत आणि एक आरागिरणी सापडली.

"ठोकळे कशाचे हाय?" अण्णाजींनी मला विचारले.

सागाचे, मी म्हणालो.

"आन साग कोठी चिरते?"

आम्ही आरागिरणीत गेलो. मालक सायकलसुद्धा चालवत नव्हता. संशय येऊ नये म्हणून अण्णाजींनी एक पाट विकत घेतला आणि परतताना तो मला धरायला दिला.

त्याच दिवशी मी वाचनालयात जाऊन मोटार दुरुस्तीचे एक जुने पुस्तक काढले. कारण काही नव्हते, पुस्तकात पाहिल्याशिवाय मला चैन पडत नाही एवढेच. एकशे बाराव्या पानावर मीटरबद्दल लिहिले होते. मी ते तीनदा वाचले आणि माझ्या मनात एक विचार आला. पण अण्णाजींना जे सुचले नाही ते मला सुचले असेल, तर मीच काहीतरी चुकीचे वाचले असणार. मी पुस्तक परत ठेवले.

मग पहारा सुरू झाला. चोर दुपारी येतो, असे अण्णाजींचे मत होते, कारण दुपारी प्रभाकरराव झोपतात. सोमवार ते शनिवार आम्ही शेडमध्ये सरकीच्या पोत्यांमागे बसलो. अण्णाजी एक डोळा उघडा ठेवून झोपत. कोणता, ते मला कधी कळले नाही. शनिवारी संध्याकाळी मीटर पाहिले तर आकडा जागच्या जागी. अण्णाजींनी गाडीभोवती रांगोळी पसरली आणि रविवारी सरकारी माणूस काम करत नाही म्हणून सुटी घेतली.

सोमवारी सकाळी मीटर सात मैल पुढे.

रांगोळीत टायरची एकही खूण नव्हती. मांजरीची पावले होती, आणि ड्रायव्हरच्या दारापाशी एका माणसाच्या चपलांचे ठसे, जाताना आणि येताना. मी ते दाखवले. अण्णाजी वाकले आणि हाताने ते पुसून टाकले.

"हे प्रभाकररावायचे हाय. अशिलाले तपासातून वगळा लागते. नाई त आपल्याले काम कोण देईन?"

मग ते बराच वेळ कोऱ्या रांगोळीकडे पाहत राहिले. शेवटी हलक्या आवाजात म्हणाले, "बबनराव, हे गाडी जमिनीले न टेकता चालते."

माझ्या हातातला चष्मा पडता पडता राहिला. मला वाटले, आले यांच्या लक्षात. पण अण्णाजींनी स्वतःच मान झटकली. असे होऊच शकत नाही, म्हणाले, आणि पुढचा सिद्धांत मांडला. आपण पहारा देतो तेव्हा चोर येत नाही. सुटीवर असतो तेव्हाच येतो. म्हणजे आपली सुटी त्याला ठाऊक आहे. ती दोघांनाच ठाऊक आहे. त्यातले एक ते स्वतः.

मला हे समजायला थोडा वेळ लागला. मी म्हणालो की मला गाडी चालवता येत नाही. पण तेही मी ठामपणे म्हणू शकलो नाही, कारण मी कधी चालवून पाहिलेली नाही. रविवारी सकाळी कुठे होतात, त्यांनी विचारले. घरी वाचत होतो. कोणी पाहिले? कोणीच नाही. दुपारपर्यंत माझी अशी अवस्था झाली की प्रभाकररावांनी जरा दरडावून विचारले असते, तर मी गाडी कुठे नेली होती तेही सांगून टाकले असते.

या सिद्धांताचा निकाल देण्यासाठी आम्ही प्रभाकररावांच्या घरी बसलो. पुनाजी सुटत असल्यामुळे प्रभाकररावांना माझ्याबद्दल फारसे वाईट वाटताना दिसले नाही. रुख्मिणीबाई खिडकीपाशी पायमशीनवर बसल्या होत्या. पुनाजी गेल्यापासून त्या घरात कोणाशी धड बोलत नव्हत्या. आम्हाला चहा मिळत होता, पण साखर दिवसागणिक कमी होत चालली होती.

अण्णाजी बोलत असताना बाईंनी बॉबीनवर दोरा भरायला घेतला. मशीनच्या चाकाची मधली चकती सैल केली आणि पाय मारायला लागल्या. चाक गरगर फिरू लागले, बॉबीन भरू लागली. सुई मात्र जागच्या जागी.

बाईंचा पाय थांबला. त्यांनी सुईकडे पाहिले, चाकाकडे पाहिले, मग नवऱ्याकडे.

"इतवारी तुमी गाडीत बसून काय करता जी?"

"काय करता म्हंजे? इंजन चालवतो."

"गेर टाकता?"

"टाका लागते. पुनाजीनंच सांगतलं, नाई त आतले दाते सुकते."

"मंग मांगचे चाकं फिरत असन."

"फिरते न. हवेत फिरते."

"चला," बाई म्हणाल्या. आम्ही तिघे त्यांच्यामागे शेडमध्ये गेलो. बाईंनी नवऱ्याला गाडीत बसवले, इंजिन सुरू करायला लावले, चौथा गिअर टाकायला लावला. ठोकळ्यांवर चढलेली मागची चाके रांगोळीच्या चार बोटे वर मजेत फिरू लागली. बाई ड्रायव्हरच्या खिडकीत वाकल्या आणि मीटरवर बोट ठेवले.

आम्ही सगळे त्या बोटाकडे पाहत होतो. शेवटचा आकडा हळूच वर सरकला आणि त्याच्या जागी दुसरा आला.

प्रभाकररावांनी इंजिन बंद केले. चाके हळूहळू थांबली.

"चाक फिरून राह्यलं, कापड शिवून नाई राह्यलं," बाई म्हणाल्या. "चौतीस वर्षांच्या माणसाले तुमी गाडी कोठी नेलती म्हून इचारलं."

घसा साफ करून मी तेव्हा एकशे बाराव्या पानाबद्दल सांगितले. मीटर रस्ता मोजत नाही, गिअरबॉक्समधून निघणाऱ्या दांड्याचे फेरे मोजते, असे तिथे लिहिले आहे. केव्हा वाचले, बाईंनी विचारले. दहा-बारा दिवस झाले, मी म्हणालो. त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले, ती मी अजून विसरलेलो नाही. त्यापेक्षा अण्णाजींचा आरोप सुसह्य होता.

अण्णाजींनी एव्हाना वही काढून लिहायला घेतले होते : प्रकरण सुटले. गुन्हेगार : अशील.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघे पुरुष बसने हिंगणीला गेलो. पुनाजी अंगणात कुंपणाच्या काड्या बांधत होते. त्यांच्या पत्नीने, धुरपताबाईंनी, बाज टाकली, चहा आणला. त्यात साखर भरपूर होती, त्यामुळे प्रभाकररावांना आणखी अवघडल्यासारखे झाले. त्यांनी सुरुवात बॉबीनपासून केली. मग सुई, मग चाके, मग दाते, मग मीटर. पुनाजी सगळे शेवटपर्यंत ऐकून घेत होते, हात कामात.

"ते मले ठाऊक हाय जी," पुनाजी म्हणाले.

प्रभाकररावांच्या हातातली बशी कलली. "मंग सांगतलं काऊन नाई तू?"

"तुमी इचारलं, गाडी कोठी नेलती." पुनाजींनी दोरीची गाठ दातांनी आवळली. "मीटर काऊन वाढलं, हे कोणं इचारलंच नाई, मालक."

अण्णाजी काहीतरी बोलणार होते. मी आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या हातावर हात ठेवला.

"चुकलं माह्यं," प्रभाकरराव म्हणाले. "चाल घरी."

पुनाजींनी विचारले, बॅटरीत पाणी टाकले का. नाही टाकले. ब्रेकचे तेल पाहिले का. नाही पाहिले. मग ते म्हणाले की बसने आलो होतो, बसने परत येणार नाही. "जे गाडी मी नेलती म्हणता, तेच घेऊन या. मंग पाहू."

"टायर घासन, पुनाजी."

"घासन न. टायरच हाय ते."

पुढच्या रविवारी प्रभाकररावांनी गाडी ठोकळ्यांवरून उतरवली. ते त्यांना एकट्याने जमणारे काम नव्हते, आम्हा तिघांनाही दोन तास लागले. रुख्मिणीबाई पुढे बसल्या, मी आणि अण्णाजी मागे. प्रभाकरराव हिंगणीपर्यंत दुसऱ्याच गिअरमध्ये गेले. बोर धरणाकडे चाललेली एक बैलगाडी आमच्या पुढे निघून गेली आणि गाडीवानाने मागे वळून नमस्कार केला. एका लहानशा चढावर गाडी कुरकुरली, तेव्हा प्रभाकररावांनी तिला मराठीत बरेच समजावले. अण्णाजींनी आणि मी उतरून ढकलली.

पुनाजी अंगणाच्या तोंडाशी उभे होते. धुतलेला सदरा, पायात चपला. ते आधी गाडीभोवती फिरले, टायर पाहिले, बॉनेटवर हात ठेवून ती किती तापली ते पाहिले. मग गोंडीत तिला काहीतरी म्हणाले. धुरपताबाई तोंडाला पदर लावून हसल्या, तेव्हा ते आमच्याबद्दल असावे. मग पुनाजी ड्रायव्हरच्या खिडकीशी आले.

"सरका जी."

प्रभाकरराव सरकले. रुख्मिणीबाईही सरकल्या. पुनाजींनी बसून आरसा आपल्या उंचीला लावला, क्लच दाबला आणि चावी फिरवण्याआधी थांबले.

"मांगचा डावा दरवाजा नीट लागला नाई. मंघाच्या चढापासून उघडा हाय."

तो दरवाजा अण्णाजींचा होता. पुनाजी ना मागे वळले होते, ना त्या चढावर हजर होते. अण्णाजींनी दरवाजा उघडून पुन्हा जोरात लावला. मग त्यांनी वही काढली, कोरे पान उघडले आणि मी स्वतःबद्दल फार बोलत नाही असे न म्हणता, पुनाजींच्या पाठीकडे पाहत, मुकाट्याने बसून राहिले.